खालची ओढ

पन्हळ मोडली ती भर दुपारी, आणि मोडताना तिनं आवाजसुद्धा केला नाही. लाकूड आतून कुजलं होतं. दोन काठांमधल्या घळीवरून पाण्याला पलीकडे नेणारी ती लांबलचक लाकडी पन्हळ मधोमध बसली, आणि पाटाचं सगळं पाणी घळीतल्या दगडांवर सांडून गेलं. पलीकडच्या शेतांत मका छातीएवढा उभा होता. कणसांना नुकत्या मिशा फुटत होत्या. या दिवसांत मक्याला पाणी चुकलं, की कणीस भरत नाही. नुसता दांडा हाती येतो.

पन्हळ नीट करायची म्हणजे काम एकाच घराचं, करवतकाऱ्यांचं. दोघे भाऊ मिसरूड फुटल्यापासून एकाच करवतीला लागलेले. थोरला वर, धाकटा खाली. उंच लाकडी घोडीवर ओंडका चढवायचा, थोरल्यानं त्यावर उभं राहायचं, धाकट्यानं खालून ओढायचं. पण नशीब कसं असतं बघा. पन्हळ मोडल्याचं ऐकून धाकटा आजूबाजूचं लाकूड तपासायला घळीत उतरला, आणि शेवाळलेल्या दगडावरून असा घसरला की गळ्याखालचं हाड मोडूनच वर आला. हात गळ्यात बांधून तो अंगणात बसला. उजवा हात गेला म्हणजे करवतीचं अर्धं अंग गेलं.

संध्याकाळी पाटकरी आला. पाण्याच्या पाळ्या लावणारा हा माणूस सदा घाईत असायचा, पण त्या दिवशी ओट्यावर टेकला.

"बाजाराच्या दिवशी सकाळी तुमच्या बाजूची पाळी आहे," तो म्हणाला. "पन्हळ उभी असली तर पाणी सोडतो. नसली तर वरच्या वस्तीला देणार. पाणी घळीत ओतायला मला कुणी सांगितलेलं नाही."

"आणि नंतरची पाळी?" थोरल्यानं विचारलं.

"तोवर तुमचा मका जळणासाठी कापून ठेवा."

थोरल्याची बायको, थोरली, चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिचं स्वतःचं शेत पन्हळीच्या अगदी शेवटी, पाटाच्या टोकाला. तिनं तिथला प्रत्येक दाणा वाकून पेरला होता. तिच्या हातातली भाकरी जळली तरी तिला कळलं नाही.

"गावातल्या लाकडाच्या गिरणीतून फळ्या आणू," कुणीतरी म्हणालं. पण एवढ्या लांबीचं लाकूड गिरणीत बसत नव्हतं, आणि मध्ये सांधा टाकलेली पन्हळ घळीवर टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणात गेल्या वर्षी पाडलेलं एक झाड वाळत पडलं होतं. खोड सरळ, लांबी पुरेशी. त्यातून चार फळ्या निघाल्या असत्या. तीन लागणार होत्या, तळाची एक आणि बाजूच्या दोन. अडचण एवढीच, की करवतीचं दुसरं टोक धरणार कोण?

थोरल्यानं पहिल्यांदा रेड्याला बोलावलं. रेडा म्हणजे वस्तीतला सगळ्यात दांडगा गडी. नाव काय ते त्याची आई सोडून सगळे विसरले होते. तो आला, हातांवर थुंकला, आणि करवत धरून असा खेचायला लागला, की जणू करवतीशी त्याचं जुनं वैर असावं. ओढायचं तेव्हा ओढलंच, पण थोरला वर ओढू लागला तेव्हाही यानं खालून ढकललं. पात्याला मधोमध बाक आला.

"ढकलू नकोस रे! सोड!" थोरला वरून ओरडला.

"मदत करतोय की!"

"तुझी मदत राहू दे बाबा. करवतीत मदत करणाराच घात करतो."

बाक काढण्यात सबंध दिवस गेला. धाकट्यानं डाव्या हातानं पातं दगडावर दाबून धरलं, थोरल्यानं हातोडी चालवली, आणि रेडा लांब उभा राहून स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

मग थोरलीनं टोक धरलं. बायको, म्हणजे आपलीच. पण तेही जमेना. प्रत्येक ओढीला थोरला शिकवायचा आणि थोरली उत्तर द्यायची.

"अगं, हळू."

"हळूच ओढतेय."

"मग थांबलीस कशाला?"

"तुम्ही हळू म्हणालात म्हणून!"

असं सूर्य डोक्यावर येईपर्यंत चाललं. शेवटी थोरलीनं मूठ सोडली आणि सरळ शेणाची पाटी उचलून चालू लागली. नवरा-बायकोचं भांडण लाकडाला कळत नाही, पण करवत मात्र तेवढ्यात दोनदा अडकली होती. आणि तसंही थोरल्याला इथं थांबून चालणार नव्हतं. घळीतले खांब कुजले होते. ते नवे रोवायचे तर त्याचेच हात हवे होते. दोन कामं एकाच वेळी झाली तरच बाजाराच्या दिवसाआधी पन्हळ उभी राहणार होती.

सासूबाई ओसरीवर कापूस पिंजत बसल्या होत्या. फळ्यांच्या फटीत डांबरात भिजवलेला कापूस भरायचा असतो, तो त्यांनी कुणी न सांगताच हाती घेतला होता. त्या मान वर न करताच म्हणाल्या, "दोघी सुना काय नुसत्या जेवायला आणल्यात?"

सगळ्यांनी आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे.

थोरली आणि धाकटी एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे वस्तीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. चुली वेगळ्या झालेल्या, मध्ये कुंपण आलेलं. गेल्या हंगामात धाकटीचा भोपळ्याचा वेल कुंपण ओलांडून थोरलीच्या छपरावर चढला आणि तिथं चांगला घागरीएवढा भोपळा धरला. थोरलीनं तो उतरवून शिजवला. धाकटीकडे एक फोडही पाठवली नाही. धाकटी पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली, "छप्पर तुमचं म्हणून वेल तुमचा होत नाही." थोरली म्हणाली, "आणि वेल तुझा म्हणून माझं छप्पर फुकट होत नाही." तेवढंच झालं. तेव्हापासून निरोप जायचे ते सासूबाईंमार्फत, आणि सासूबाई त्यांत आपल्या पदरची भर घालायच्या.

"मी तयार आहे," थोरली सासूबाईंना म्हणाली. "तिला विचारा."

"मीपण तयार आहे," धाकटी भिंतीकडे बघून म्हणाली. "त्यांना सांगा."

"सांगायची काय गरज, दोघी एकाच अंगणात उभ्या आहात," धाकटा पुटपुटला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

डोक्याला फडकी बांधून दोघी उभ्या राहिल्या. थोरली वर चढली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. थोरलं वर, धाकटं खाली, या घरात दुसरी रीत कुणाला ठाऊकच नव्हती. सासऱ्यांच्या काळीही तेच. थोरली अंगानं भरलेली, ओंडक्यावर चढताना घोडी कुरकुरली. खाली धाकटी, काटकीसारखी. 

"सुताची रेघ बघा, वहिनी," धाकटा बसल्या जागेवरून सांगत होता. काळ्या सुताचा फटका मारून त्यानं ओंडक्यावर सरळ रेघ उमटवली होती. "वरच्यानं उचलायचं आणि रेघ सांभाळायची. खालच्यानं ओढायचं. आपली ओढ झाली की सोडायचं. सोडणं हेही काम आहे."

दोघी बोलत नव्हत्या, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. तेवढा फायदा लगेच दिसला. करवत चालू लागली. पण थोरलीची नजर जवळचं धड बघत नव्हती. सुई ओवायची तरी ती हात लांब नेऊन ओवायची. भुशाखाली रेघ पुसट झाली आणि तिनं अंदाजानं पातं धरलं. खाली धाकटी जीव तोडून ओढत होती, पण करवत लाकडात शिरण्याऐवजी नुसती घासत होती. दमून दोघींनी संध्याकाळपर्यंत फळी सुटी केली. ती एका टोकाला तळहाताएवढी जाड आणि दुसऱ्या टोकाला पापडासारखी निघाली.

धाकट्यानं डाव्या हातानं तिचं एक टोक उचललं, उजेडाकडे बघितलं आणि खाली ठेवलं.  

चारातली एक गेली. उरलेल्या तिन्ही आता नीट निघायलाच हव्या होत्या.

बातमी वरच्या वस्तीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडचे दोघेतिघे वाटेत मुद्दाम थांबले. "बायका करवत चालवतात म्हणे," एक म्हणाला. "मग पन्हळीत पाणी नको, कढी सोडा." थोरलीनं ऐकलं. कान तापले. पापडासारखी फळी अंगणात सगळ्यांसमोर पडली होती, मग तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं?

ती ओंडक्यापाशी आली. धाकटी आधीच खाली जागेवर उभी होती. डोळे भुशानं लाल झालेले, तळहातांवर फोड आलेले, आणि एक फुटलेला. तिनं मूठ धरण्याआधी फोडाला चिंधी गुंडाळली, दातानं गाठ मारली. आणि गाठ मारता मारता तिनं सहज वर बघितलं, ओंडक्याच्या टोकाकडे, आणि मान किंचित वाकडी करून बोटानं हवेत एक रेघ ओढली. काल पातं नेमकं कुठून भरकटलं, ते तिला दिसत होतं. खालून, भुशातूनसुद्धा दिसत होतं.

थोरली तिथंच उभी राहिली. सुना म्हणून या घरात आल्यापासून दोघींत कोण वर आणि कोण खाली, हे सगळ्यांनी त्यांच्यासाठी ठरवून ठेवलं होतं, आणि तिलाही ते बरंच वाटत आलं होतं. आता मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर हवी नजर. खाली हवं वजन. कापते ती खालची ओढ. आणि आपण काय केलं, तर नजर खाली कोंबली आणि वजन वर चढवून बसवलं, का तर मी थोरली!

ती घोडीकडे न जाता खाली आली. धाकटीच्या हातातली मूठ तिनं काढून घेतली. धाकटी दचकून मागे सरकली. तिला वाटलं, आता काम काढूनच घेतलं. थोरलीनं नुसतं हनुवटीनं वर दाखवलं.

"थोरले, अगं तू खाली?" सासूबाईंच्या हातातला कापूस थांबला. "लोक काय म्हणतील? धाकटी जाऊ डोक्यावर चढली म्हणतील."

"चढू दे," थोरली म्हणाली. "डोकं माझं आहे."

धाकटी वर चढली. घोडीनं हूं की चूं केलं नाही. तिनं वाकून फुंकर मारली, भुसा उडवला, रेघ बघितली, आणि पातं रेघेवर असं टेकवलं की धाकटाही बसल्या जागी सरळ झाला. तिनं ओंडक्यावर टिचकी मारली. थोरलीनं ओढलं.

काय ती ओढ होती! कमरेतून, मांड्यांतून, आयुष्यभर पाण्याच्या घागरी आणि गवताचे भारे वाहिलेल्या पाठीतून. करवत लाकडात शिरली आणि गोड वास सुटला. मग थोरलीनं सोडलं. पूर्ण सोडलं. पातं वर गेलं ते हलकंच, धाकटीच्या दोन बारीक हातांनी उचललं तसं. पुन्हा ओढ. पुन्हा सोड. भुसा थोरलीच्या फडक्यावर, मानेवर, घामाला चिकटून पाठीवर पडत होता. डोळ्यांत गेला. नाकात गेला. धाकटीनं हे काल दिवसभर एक अक्षर न बोलता सोसलं होतं, हे तिला आता कळत होतं, आणि कळल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी धाकटी उतरली, आत गेली, आणि एक रुंद काठाची टोपली घेऊन आली. टोपलीच्या काठाला तिनं कापड शिवलं होतं. ती तिनं थोरलीच्या डोक्यावर ठेवली. भुसा आता डोळ्यांत येत नव्हता.  नंतरच्या ओढी आणखी लांब निघाल्या.

फळी सुटली तेव्हा धाकट्यानं तिचं टोक उजेडाकडे धरलं. मग डाव्या हातानं अंगणातल्या सगळ्यांना दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी.

"मी आणि दादानंसुद्धा अशी..." तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं. घरात अजून दोघा भावांचा मान राखायचा होता.

पुढचे दिवस मग ओळखीचे झाले. थोरला घळीत खांब रोवत होता. रेड्याला त्यानं दगड उचलायला लावलं होतं, आणि तिथं तो सोन्यासारखा उपयोगी पडला. धाकटा एका हातानं रोज सकाळी करवतीचे दात घासून धार लावायचा. सासूबाई कापूस आणि डांबर. जावा-जावा फळ्या. बोलणं नाही. टिचकी एक म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे फटीत पाचर मारा, आणि बाकी सगळं करवतच सांगायची. वाटेनं जाणारे वरच्या वस्तीचे लोक आता थांबत होते, पण कढीचं नाव कुणी काढत नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी तिन्ही फळ्या घळीकाठी पोचल्या. थोरल्यानं त्या जोडल्या, सासूबाईंनी फटी भरल्या, आणि ती लांबलचक पन्हळ काठावर तयार झाली. आता तिला खांबांवरून पलीकडे न्यायचं होतं. सगळी वस्ती लोटली, आणि सगळी वस्तीच हुकूम सोडायला लागली. "उचला!" "डावीकडे!" "थांबा, आधी पाणी प्या!" बारा सुगरणी आणि भाकरी करपली, तशातली गत.

ठरलं ते असं. पन्हळीच्या पुढच्या टोकाला दोर, तो पलीकडच्या लोकांनी ओढायचा. मागच्या टोकालाही दोर, तो अलीकडच्यांनी ताणून धरायचा आणि हळूहळू सोडायचा, म्हणजे पन्हळ घसरून घळीत जाणार नाही. धाकटी हलकी, म्हणून ती घळीत उतरून पलीकडे चढली आणि तिकडच्या दोरापुढे उभी राहिली. थोरली अलीकडच्या दोराला. थोरला मधल्या खांबावर बसून टोक नेमकं बसवायला.

पन्हळ सरकली. पहिला खांब ओलांडला. दुसऱ्यापर्यंत गेली, आणि तिथं अडकली. लोक ओरडायला लागले. रेड्याला राहवलं नाही. बिचारा मनानं चांगला, पण हात शिवशिवणारा. त्यानं मागून पन्हळीला खांदा लावला आणि ढकललं.

पुढचं टोक खांबावरून सटकलं. पन्हळ बाजूला कलली. थोरला खांबाला मिठी मारून लोंबकळला. सगळ्या फळ्या, सगळे दिवस, पलीकडचा सगळा मका क्षणभर त्या एका दोरावर होते, आणि तो दोर थोरलीच्या हातांतून सरकत होता. तिचे तळहात सोलले जात होते.

"रेड्या, हात काढ!" थोरली किंचाळली. आणि मग घळीच्या पलीकडे बघून, सगळ्या वस्तीच्या देखत, "धाकटे! ओढ!"

 पलीकडे धाकटीनं दोर खांद्यावर घेतला.

"सोडा, ताई!"

"ओढ!"

"सोडा!"

"ओढ!"

 हुकूम द्यायला बाकी कुणाला तोंडच उरलं नाही. अलीकडचे लोक थोरलीच्या आवाजावर, पलीकडचे धाकटीच्या आवाजावर, आणि त्या दोघी एकमेकींच्या. पन्हळ सरळ झाली. थोरल्यानं पायानं टोक खांबावर लोटलं. तिसरा खांब. पलीकडचा काठ. पन्हळ बसली, अशी बसली की खालचे दगड वाजले.

रेडा डोळे पुसत होता. "मी फक्त मदत..." तो म्हणाला.

"माहीत आहे रे," थोरला खांबावरून म्हणाला. "उतरव आता मला."

सकाळी पाटकरी आला, पन्हळीवरून या काठापासून त्या काठापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. मग त्यानं पाट मोकळा केला. पाणी आलं. आधी पाचोळा आणि फेस, मग गढूळ, मग स्वच्छ. एका फटीतून थेंब गळायला लागले, सासूबाईंनी त्यावर अंगठा धरला. लाकूड फुगलं आणि गळती आपोआप थांबली, तरी त्या अंगठा काढायला तयार नव्हत्या. पाणी घळीवरून पलीकडे गेलं. धाकट्याच्या शेतातून, रेड्याच्या शेतातून, सरीसरीनं मुरत, अगदी टोकापर्यंत. थोरली टोकाला उभी होती. पाणी तिच्या पायांना लागलं तेव्हा ती तिथंच चिखलात बसली आणि मोठ्यानं हसली. इतकं मोठ्यानं, की वरच्या वस्तीचे लोक काठावर येऊन बघायला लागले.

"या!" तिनं हात केला. "कढी प्यायला या!"

त्या संध्याकाळी अंगणात अजून घोडी उभीच होती. धाकटी आपल्या दारात हाताच्या फोडांना तेल लावत बसली होती. तेवढ्यात कुंपणापलीकडे शिडीचा आवाज आला. थोरली आपल्या छपरावर चढली होती. यंदाही वेल कुंपण ओलांडून आला होता. धाकटीनं तो कितीदा मागे वळवला, तरी वेलाला कुणाचं भांडण कळत नाही. पानांआड भोपळा धरला होता, गेल्या वर्षीपेक्षा मोठा.

थोरलीनं तो खुडला, पोटाशी धरून उतरली, अंगणात आली, आणि घोडीवर आणून ठेवला.

"धाकटे," ती म्हणाली, "करवत आण."

"कशाला?"

"वेल तुझा, छप्पर माझं. सूत मार मधोमध."

"अगं, त्याला सुरी पुरेल!" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. "धार जाईल करवतीची!"

पण त्यांचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. धाकटीनं सूत ताणलं, एक डोळा मिटला आणि फटका मारला. भोपळ्यावर काळी रेघ उमटली. अगदी मधोमध, कुणाच्याच बाजूला जराही झुकलेली नाही. धाकटी घोडीवर चढली. थोरली खाली गेली आणि तिनं सोललेल्या तळहातांनी मूठ धरली.

"ताई, टोपली घ्या डोक्यावर," धाकटी म्हणाली. "बिया उडतील."

"उडू देत," थोरली म्हणाली. "माझ्या बाजूलाही उगवू देत थोड्या."

आणि तिनं ओढलं.